जोतीराव फुले : शिक्षा आणि आसरा

माळशेज घाट चढून मढच्या खोऱ्यात आलेला वाटसरू डिंगोरे, उदापूर ही गावे मागे टाकीत ओतुरास पोहोचतो. ह्या वाटेवर राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ओतूरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून पुण्याच्या एका माळ्याचे नाव ऐकले असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्नर तालुक्यातील पाटील व शेतकरी ज्यांच्या शब्दावर उभे राहिले, ते हे जोतीराव गोविंदराव फुले होत. त्यांनी मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा काढल्या, हे आता शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या चरित्राची दुसरी एक बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत. सरकारचा फौजदारी कायदा ज्यास गुन्हेगार ठरवितो त्या मनुष्याकडे जोतीरावांनी कसे पाहिले, आणि शिक्षेने जे साधत नाही ते साधण्यासाठी त्यांनी काय केले, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ वकिलांचा व न्यायाधीशांचा आहे असे समजून कोणी पान उलटू नये. तो आपल्या गावात, आपल्या आळीत आणि कधीकधी आपल्या स्वतःच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यास झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे असून आडनाव गोऱ्हे होते. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याच्या धंद्यावरून त्यांस फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या. सगुणाबाई नावाच्या नात्यातील एका विधवा स्त्रीने त्या पोरक्या बालकास वाढविले. ह्या बाई एका मिशनरी साहेबांच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत व त्यामुळे त्यांस थोडे इंग्रजी समजत असे. आईवाचून राहिलेले मूल एका विधवेच्या मायेने जगले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील हकिकतीत तिचा अर्थ उमगेल.

गोविंदरावांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलास शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या दोन गृहस्थांनी बापाचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊ लागले. तेथे १८४७ पर्यंत त्यांचे शिक्षण झाले. सदाशिव बल्लाळ गोवंडे व मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण मित्र त्यांस शाळेच्या ह्याच दिवसांत लाभले. मिशनरी लोकांच्या कामाविषयी त्यांच्या मनात आदर होता. तथापि त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. एका निर्मिकास मानून ते आपल्या मार्गाने गेले. हे आम्ही स्पष्टपणे सांगतो, कारण थोर पुरुषास ओढूनताणून आपल्या पंक्तीस बसविणे हा त्यांचा गौरव नव्हे.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी अहमदनगर येथे मिस फरार ह्यांची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्यास परत येऊन भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. पत्नी सावित्रीबाई ह्यांस त्यांनी स्वतः शिकविले होते. त्याच शिक्षिका झाल्या. लोकांच्या दडपणामुळे १८४९ साली गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. दोघे बाहेर पडली, परंतु शाळा बंद पडली नाही. सरकारनेही ह्या कामाची दखल घेतली व १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला.

ह्या काळातील एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. जोतीरावांस ठार मारण्यासाठी कोणी दोन मनुष्यांस पैशांचे आमिष दाखवून रात्री त्यांच्या घरी पाठविले. जोतीराव जागे झाले, दिवा मोठा केला आणि त्यांस येण्याचे कारण विचारले. ज्या गोरगरिबांसाठी आपण खपतो त्यांतलेच हे दोघे असून पोटासाठी ह्या कामास प्रवृत्त झाले आहेत, हे कळताच त्यांनी आरडाओरडा केला नाही. आपल्या मरणाने तुमच्या मुलांबाळांचे भले होणार असेल तर मी तयार आहे, अशा आशयाचे शब्द ते बोलले. त्या दोघांच्या हातून शस्त्रे गळली. पुढे ते जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेत शिकले. त्यांतील रोडे हे जोतीरावांचे रक्षक बनले, तर धोंडीराम नामदेव कुंभार हे विद्वान म्हणून नावारूपास आले. त्या रात्री जोतीरावांनी दोघांस फौजदाराच्या स्वाधीन केले असते तर कायद्याने त्यांस दोष दिला नसता. दोन माणसे तुरुंगात गेली असती, त्यांची मुले उपाशी राहिली असती आणि ज्याने पैसे देऊ केले तो आपल्या घरी स्वस्थ झोपला असता. गुन्हा करणाऱ्या हातामागे आणखी कोणाचा हात आहे, हे पाहण्याची सवय जोतीरावांस येथूनच लागली, असे आम्हांस वाटते.

आता आम्ही मुख्य हकिकतीकडे वळतो. तत्पूर्वी त्या वेळच्या कायद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी निरनिराळ्या इलाख्यांत गुन्ह्यांविषयी निरनिराळे नियम चालत. सर्व देशासाठी एकच फौजदारी कायदा असावा म्हणून मेकॉले साहेबांच्या मंडळाने १८३७ साली मसुदा तयार केला. तो पुष्कळ वर्षे पडून राहून १८६० साली मंजूर झाला व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. ह्यासच लोक पिनल कोड म्हणू लागले. ह्या कायद्यात एक मोठा गुण होता. अपराध कोणत्या जातीच्या मनुष्याने केला हे न पाहता सर्वांस एकच शिक्षा सांगितली होती. पेशवाईच्या आठवणी ताज्या असलेल्या पुण्यात ही गोष्ट लहान नव्हती. परंतु ह्याच कायद्यात खुनाच्या अपराधास दोनच शिक्षा होत्या, एक फाशी व दुसरी जन्मभर काळे पाणी. दरोडेखोराने वाटसरूचा गळा कापला काय, आणि लाजेने वेडी झालेल्या एखाद्या मुलीने आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला काय, खुनाचा अपराध शाबीत झाल्यावर न्यायाधीशाच्या हाती ह्या दोनच शिक्षा उरत.

अशीच एक दुर्दैवी स्त्री पुण्यात होती. तिचे नाव काशीबाई. ती तरुण ब्राह्मण विधवा असून जोतीरावांचे मित्र गोवंडे ह्यांच्या घरी स्वयंपाक करीत असे. एका शास्त्रीबुवाने तिला फसविले. दिवस राहिल्यावर गर्भ पाडण्याचे प्रयत्न झाले, ते फसले आणि तिला मुलगा झाला. त्या काळी अशा विधवेच्या वाट्यास काय येई, हे आमच्या जुन्या वाचकांस बाबा पदमनजी ह्यांच्या १८५७ सालच्या यमुनापर्यटन ह्या पुस्तकावरून माहीत असेलच. सासर गेलेले, माहेर बंद झालेले, जातीत थारा नाही आणि पोटास आधार नाही, अशी तिची स्थिती होई. काशीबाईने भयाने मुलास मारून घराच्या मागील विहिरीत टाकले. प्रेत सापडले, तिला धरण्यात आले, खटला चालला आणि तिला जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. अपराध घडला होता ह्यात शंका नाही. एक निष्पाप जीव गेला होता, आणि ज्या राज्यात बालकाचा जीव घेणे हा अपराध मानला जात नाही ते राज्य राज्यच नव्हे. कायद्याने आपले काम केले असेच म्हणावे लागेल. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे होते? एकटी काशीबाई. तो शास्त्री तेथे नव्हता. त्याने केलेल्या कृत्यास पिनल कोडात कलमच नव्हते. तिला पुन्हा लग्न करू न देणारी जात तेथे नव्हती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण कायद्याने दार उघडले तरी त्यातून जाऊ देणारे लोक नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानात जिला धोंडमार करण्यासाठी पुढे ओढून आणले, त्या स्त्रीची गोष्ट आमच्या वाचकांस पाठ आहे. तेथेही पुरुषाला कोणी आणले नव्हते.

गोवंडे ह्यांच्या घरची ही हकिकत जोतीरावांस आतून ठाऊक होती. त्यांनी काशीबाईचे कृत्य चांगले म्हटले नाही, किंवा कायदा मोडून टाका असेही म्हटले नाही. त्यांनी निराळाच प्रश्न स्वतःस विचारला. तिला ज्या रात्री मुलगा झाला, त्या रात्री ती कोठे जाऊ शकली असती? साऱ्या पुणे शहरात तिच्यासाठी उघडे असे एकही दार नव्हते. मग जोतीरावांनी १८६३ साली आपल्याच घराच्या आवारात ते दार उघडले. त्या घरास बालहत्या प्रतिबंधक गृह असे नाव मिळाले. ब्राह्मणवस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी जाहिराती लावल्या. विधवेने येथे यावे, गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, आणि मूल बरोबर न्यावे किंवा येथे ठेवावे हे तिच्या इच्छेवर राहील, असा त्यांचा मतलब होता.

ह्या कामातील धैर्य आज आपल्या सहज लक्षात येत नाही. ज्या वर्गातील लोकांनी जोतीरावांस छळले, त्यांच्याच लेकीसुनांसाठी हे घर उघडले होते. माळ्याच्या घरी ब्राह्मण विधवेने बाळंत व्हावे, ही कल्पनाच दोन्हीकडच्या लोकांस असह्य होती. त्यांचे स्वजातीय त्यांस हसले व इतर चिडले. शिवाय खर्चाचा भार स्वतः जोतीरावांच्या मिळकतीवर पडत होता. बाळंतिणीजवळ रात्री जागणे, तिचे अंग शेकणे, मुलास न्हाऊमाखू घालणे व तिच्या रडण्यास कान देणे हे काम सावित्रीबाईंनी केले. स्वतःस मूल नसलेल्या ह्या बाईने दुसऱ्यांच्या टाकलेल्या मुलांस उचलून घेतले.

ह्या घराचा हिशेब जोतीरावांनीच १८८४ साली लिहून ठेवला आहे. त्या वर्षापर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधीच विषारी औषधे घेतली असल्यामुळे तीस मुलांस पोटातच इजा झाली होती व ती मेली, असे त्यांचे मत होते. एखादा गृहस्थ ही संख्या लपवून ठेवता. जोतीरावांनी ती जशीच्या तशी सरकारपुढे मांडली. तीस मुले दगावली म्हणून काम व्यर्थ गेले असे त्यांस वाटले नाही. लाजेचे भय ह्या स्त्रियांस किती आधीपासून गाठते, आणि आसरा किती लवकर दिला पाहिजे, हेच ती संख्या सांगत होती. शिवाय पस्तीस स्त्रिया काशीबाईच्या वाटेने गेल्या नाहीत, हेही विसरू नये. पुढे प्रार्थनासमाजाचे लालशंकर उमियाशंकर ह्यांनी पंढरपूर येथे अशाच प्रकारचा आश्रम काढला, आणि केडगावी पंडिता रमाबाईंनी कृपासदनात अशा स्त्रियांस ठाव दिला. एका घराने दाखविलेली वाट इतरांस सापडली.

त्या पाच जगलेल्या मुलांच्या काळातच, १८७४ साली, एका ब्राह्मण विधवेस झालेला मुलगा जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. ज्या बालकाचा शेवट एखाद्या विहिरीत व्हावयाचा, ते बालक पुढे डॉक्टर झाले. १८९७ साली पुण्यास प्लेग पसरला असता यशवंतरावांनी उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. वाचविलेल्या एका मुलाने किती मुले वाचविली असतील, ह्याचा हिशेब कोणत्या कचेरीत ठेवला जातो?

काशीबाईची गोष्ट एकटीच नव्हती. १८८१ साली सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस आपले मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे ती कमी झाली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर शिंतोडे उडविण्यास सुरुवात केली. तेव्हा वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्या सत्यशोधक घराण्यातील बाईंनी १८८२ साली स्त्रीपुरुष तुलना हे पुस्तक लिहून पुरुषांस जाब विचारला. ह्या पुस्तकावर स्वकीयांनीही टीका केली. जोतीरावांनी मात्र १८८५ साली आपल्या सत्सार ह्या पत्रकात ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली. आपल्याच पक्षाच्या लोकांविरुद्ध एका स्त्रीच्या बाजूने उभे राहणे हे परक्यांशी लढण्यापेक्षा कठीण असते, हे मंडळीत वावरणाऱ्यांस सांगावयास नको.

आता आपल्या जुन्नर प्रांताकडे पाहू, कारण शिक्षा व आसरा ह्यांचा हाच प्रश्न येथील डोंगरांत व शेतांत निराळ्या रूपाने उभा होता. सावकाराच्या खतांवर निरक्षर शेतकरी अंगठा करी. दावा लागला की बहुधा तो हजर राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनाम्याने जमीन जाई. कर्जापायी ऋणकोस दिवाणी तुरुंगातही घालता येत असे. १८७३ पासून आज आंबेगाव तालुक्यात असलेल्या जांभोरीच्या होन्या केंगले ह्या महादेव कोळ्याने सावकारांविरुद्ध बंड पुकारले. पोलिसांची मोठी टोळी पाठीवर असूनही तो १८७६ पर्यंत हाती लागला नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी हे लोण गेले. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसांच्या जिवास हात लावला नाही. कागद मिळाले व जळाले की ते परत जात. तरी नऊशेंहून अधिक लोक पकडले गेले आणि पाचशेंवर लोकांस शिक्षा झाली.

ही सारी माणसे तुरुंगात गेल्यावर सरकारने चौकशीसाठी मंडळ नेमले, आणि त्यातून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा निघाला. शेतकऱ्यास कर्जासाठी तुरुंगात घालण्याची चाल ह्या कायद्याने बंद झाली, आणि खताच्या मागील व्यवहार खरा की खोटा हे पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. हा कायदा सुप्याच्या दंग्यापूर्वी झाला असता तर किती घरे वाचली असती! जोतीरावांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहून हीच दुखणी वेशीवर टांगली. पुढे जुन्नर तालुक्यातील कुळांनी सावकारांच्या जमिनी कसण्याचे नाकारले, तेव्हा जोतीराव व त्यांचे सहकारी त्यांच्या पाठीशी राहिले. येथे लूट नव्हती व जाळपोळही नव्हती. नांगर खाली ठेवणे एवढेच हत्यार होते. ओतूर येथील बाळाजी कुशाजी पाटील ह्यांनी आपल्या घरचे लग्न भटावाचून लावले व ग्रामजोशांनी त्यांजवर दावा आणला, तेव्हाही सत्यशोधक मंडळी भांडली ती कोर्टात, कायद्याच्या शब्दांनी. डोंगरात शस्त्र घेऊन फिरणाऱ्या होन्याच्या मागे पोलीस लागले. नांगर खाली ठेवणाऱ्या कुळांस गुन्हेगार म्हणणे कोणास सोपे नव्हते. जोतीरावांनी गरिबांस हा दुसरा मार्ग दाखविला.

आरोपीच्या हक्कांविषयी जोतीरावांचे मन किती मोठे होते, हे १८८२ च्या एका गोष्टीवरून दिसते. कोल्हापूरचे कारभारी बर्वे ह्यांच्या विरुद्ध लिहिल्याबद्दल केसरी व मराठा ह्या पत्रांच्या संपादकांवर, म्हणजे टिळक व आगरकर ह्यांजवर, अब्रूनुकसानीचा फौजदारी खटला झाला. टिळकांची मते व जोतीरावांची मते ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. तरी जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेट उरवणे हे दहा हजार रुपयांस जामीन राहिले. टिळक व आगरकर ह्यांस चार महिन्यांची सजा झाली व ती ते डोंगरीच्या तुरुंगातून भोगून सुटले, तेव्हा त्यांच्या सत्कारातही सत्यशोधक मंडळींनी भाग घेतला. आपल्या मित्रास न्याय मिळावा असे सर्वांस वाटते. आपल्या विरोधकासही न्यायासनासमोर मोकळ्या माणसाप्रमाणे उभे राहता यावे, असे वाटणाऱ्यासच न्यायाची खरी चाड असते.

१८८४ साली मुंबईचे बेहरामजी मलबारी ह्यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांविषयी दोन टिपणे लिहून थोरामोठ्यांची मते मागविली. जोतीरावांनी दिलेल्या मतातच काशीबाईची व त्या पस्तीस स्त्रियांची हकिकत आली आहे. बालविवाहाविषयी त्यांनी असे सुचविले की, एकोणीस वर्षांखालील मुलाचे व अकरा वर्षांखालील मुलीचे लग्न होऊ देऊ नये, आणि कोणी केलेच तर त्यावर कर बसवावा. पाहा, येथेही त्यांनी आईबापांस तुरुंगात घाला असे म्हटले नाही. वाईट चाल मोडण्यास सरकारने हात घालावा, पण तो हात गरिबाच्या मानेवर पडू नये, अशी त्यांची दृष्टी होती. विधुरास जे मोकळे ते विधवेसही मोकळे असावे, आणि जे तिला बंधन ते त्यालाही असावे, हा त्यांच्या सर्व म्हणण्याचा पाया होता.

१८८८ साली मुंबईच्या लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांचे उजवे अंग गेले. तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. अंत्यविधीच्या वेळी दत्तक यशवंतास टिटवे धरण्याचा अधिकार नाही म्हणून भाऊबंदांनी तंटा केला. तेव्हा सावित्रीबाईंनी ते टिटवे स्वतः हाती घेतले व त्या प्रेतयात्रेपुढे चालल्या. ज्या घराने टाकलेल्यांस आपले म्हटले, त्या घरावर शेवटच्या दिवशीही दार लावण्याचा प्रयत्न झाला आणि तो एका स्त्रीने परतवून लावला. पुण्याच्या गंज पेठेतील तो वाडा आज राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेला आहे.

जोतीरावांच्या नंतर कायदा कोठवर आला, हेही वाचकांस कळावे. काळ्या पाण्याची शिक्षा १९५५ च्या कायद्याने रद्द होऊन तिच्या जागी जन्मठेप आली. इंग्लंडात १९२२ साली असा कायदा झाला की, प्रसूतीने मनाचा तोल गेलेल्या मातेने नवजात मुलास मारले तर तो खून न मानता त्याहून हलका अपराध मानावा. आपल्या देशात तसे निराळे कलम झाले नाही. पिनल कोड जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यातही खुनास फाशी व जन्मठेप ह्या दोनच शिक्षा आहेत. मूल उघड्यावर टाकून देणाऱ्या आईबापांस सात वर्षांपर्यंत, व मृत अर्भक गुपचूप पुरून जन्म लपविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचा दंड अशा रीतीने आजही उगारलेला आहे.

परंतु जोतीरावांनी आपल्या आवारात जे केले, तेही आता कायद्यात आले आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे ज्या मातेस मूल सांभाळणे शक्य नाही, तिने ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या स्वाधीन करावे, अशी सोय आहे. समिती तिची समजूत घालते, आणि मूल दिल्यावरही फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत असते. अशा रीतीने मूल सोपविणे हा गुन्हा नाही. १०९८ ह्या क्रमांकावर फोन केला तर संकटातील मुलांसाठी मदत मिळते, आणि त्यास पैसे पडत नाहीत. हे सर्व असूनही उकिरड्यावर, झुडपात किंवा मंदिराच्या पायरीवर अर्भक सापडल्याची बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येतेच. कायद्यातील दार उघडे आहे, पण त्या रात्री त्या मुलीस ते दार कोणी सांगितलेले नसते.

म्हणून उपदेशक बंधूंस व मंडळीतील वडील भगिनींस आमची विनंती आहे. मढपासून आंबेगावपर्यंतच्या डोंगरांत एकेकट्या वाड्या आहेत, आणि त्या वाड्यांत तुम्हीच पहिले पोहोचता. एखाद्या घरात अशी मुलगी आहे अशी कुजबूज कानी आली, तर ती कुजबूज पुढे नेऊ नका. स्वतः त्या घरी जा. तिला वरील सोयीची माहिती द्या, दवाखान्यात नेण्यास बरोबर चला, आणि पंचायतीत किंवा मंडळीत तिच्या नावाचा ठराव आणू पाहणाऱ्यास तिच्याबरोबरचा पुरुष कोठे आहे, एवढेच विचारा. अपराध घडल्यावर शिक्षा करणे हे सरकारचे काम आहे व ते सरकार करील. अपराध घडण्याच्या आदल्या रात्री दार उघडणे हे मात्र शेजाऱ्याचे काम आहे. पुण्याच्या एका माळ्याने ते आपले काम मानले, आणि काशीबाईसाठी उशीर झाला तरी पस्तीस जणींसाठी झाला नाही.